‘पंधरा दिवसांत कुत्रा काढा’: सोसायटीच्या नोटिशीला काय उत्तर द्यावे?

प्रश्न : डोंबिवलीत आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. आमचा टफी स्पिट्झ आहे, वय पाच वर्षे. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हापासून दिवसा घरी कोणी नसते. आम्ही दोघेही सकाळी आठच्या लोकलने निघतो, ते संध्याकाळी साडेसातला परततो. घरात मोकळा सोडला तर तो सोफा फाडतो, म्हणून बाल्कनीत बांधून जातो. खाणे-पाणी ठेवलेले असते. तो दिवसभर भुंकतो अशी तक्रार आहे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्रपाळी करतात, त्यांची झोप होत नाही. आता कमिटीची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत कुत्रा काढा, नाहीतर रोज ५०० रुपये दंड आणि कुत्र्याला लिफ्ट बंद. ते गृहस्थ जिन्यात ‘एक दिवस विष घालीन’ असेही म्हणाले. काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. टफीला घरात ठेवता येईल का, हा एक. त्याच्या भुंकण्याचे काय, हा दुसरा. पहिल्यात कायदा तुमच्या बाजूने आहे. दुसऱ्यात तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी भक्कम नाही.

पहिला प्रश्न लवकर संपतो. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि भुंकणे हे बंदीचे कारण होत नाही. लिफ्टही नाकारता येत नाही. या सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे समोरचा वकील सांगणारच. पण केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालणारी उपविधीतील, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतील, कलमे बेकायदा ठरवली. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला, तरी इथल्या न्यायालयापुढे ठेवता येतो.

दंडाचे म्हणाल, तर कमिटीला मनात येईल तो आकडा लावता येत नाही. उपविधीत तशी तरतूद हवी, तुम्हाला म्हणणे मांडायची संधी मिळायला हवी आणि निर्णय सर्वसाधारण सभेचा हवा. म्हणून नोटिशीच्या उत्तरात आधी हेच विचारा : कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला, कोणत्या उपविधीखाली हा ठराव झाला? इतिवृत्ताची प्रत मागा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सदस्याला शुल्क भरून ती मिळते. माझा अनुभव असा, की प्रत मागितली की अर्ध्या नोटिशी तिथेच थंडावतात. कारण ठराव झालेलाच नसतो, चार जणांनी पार्किंगमध्ये उभे राहून ठरवलेले असते. दंड बिलात चढवलाच तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. त्याच अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालयाचा मार्गही आहे.

आता दुसरा प्रश्न.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, ‘बाल्कनीत बांधून जातो’. साडेअकरा तास. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० चे कलम ११(१)(जी) फारसे कोणाला ठाऊक नसते. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. त्याच कलमात, अवाजवी वेळ अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधणे हाही गुन्हा आहे. पहिल्या वेळेच्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आजच्या वडापावच्या हिशेबातला. पण रकमेकडे पाहू नका. खालच्या गृहस्थांनी चांगला वकील गाठला, तर तो भुंकण्याची तक्रार बाजूला ठेवून बाल्कनीतल्या साखळीचा फोटो पुढे करील. मी त्यांच्या बाजूने असतो तर तेच केले असते.

नोटिशीत ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा दाखला असेल तर घाबरू नका. २००० सालच्या त्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल मर्यादा आहे, पण त्यांचा मुख्य रोख लाउडस्पीकर, फटाके, हॉर्न आणि बांधकामाच्या यंत्रांवर आहे. व्हॉट्सअॅपवर फिरवलेली ऑडिओ क्लिप म्हणजे मोजमाप नव्हे. खरा धोका दिवाणी न्यायालयात आहे. उपद्रवाच्या दाव्यात न्यायालय पाहते ते हे, की सामान्य माणसाने शेजारधर्म म्हणून जेवढे सहन करावे त्याच्या पलीकडे हे गेले आहे का. किती वेळ, किती दिवस, आणि मालकाने काय केले? दिवसाची वेळ आहे एवढे म्हणून तुम्ही सुटत नाही. पशू कल्याण मंडळाच्या त्याच सूचनांत, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही यासाठी मालकाने सर्व प्रयत्न करावेत, असेही सांगितले आहे. आपण तेवढेच पान वगळून वाचतो.

म्हणून ‘मालकाने काय केले’ याचे उत्तर आजपासून तयार करा. एक जुना मोबाइल रेकॉर्डिंग लावून घरात ठेवा आणि कामावर जा. माझ्या एका अशिलाच्या घरी आम्ही हेच केले होते. सोसायटीचे म्हणणे, कुत्रा दिवसभर भुंकतो. रेकॉर्डिंगमध्ये दिसले, की जुन्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा खडखडला की तो भुंकत दाराशी धावतो आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पडून राहतो. दरवाजाला वंगण दिले, कुत्र्याची जागा आतल्या खोलीत नेली, आणि तक्रारच संपली. तुमच्या टफीचे कारण बहुधा वेगळे निघेल. ज्या बाईंच्या पायाशी तो दिवसभर लोळायचा, त्या एकाएकी नाहीशा झाल्या. मालक बाहेर पडताच अर्ध्या तासात ओरडणे, दार खरवडणे, सामान फाडणे सुरू झाले, तर ती एकटेपणाची भीती असते, खोडी नव्हे. तेव्हा परत आल्यावर सोफ्यासाठी रागावून उपयोग नाही, त्याला त्याचा संबंधच लागत नाही.

पशुवैद्याला दाखवा, आणि सल्ल्याचा कागद जपून ठेवा. साखळी सोडा. बाल्कनी बंद करून आतली एक खोली द्या, खिडकीला जाड पडदा लावा. सकाळी लोकलच्या आधी चाळीस मिनिटे तरी दमेपर्यंत फिरवा. दुपारी फिरवायला माणूस लावा, त्याला पैसे ऑनलाइन द्या, म्हणजे नोंद राहते. सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटे, मग दहा, मग वीस, असे बाहेर जाऊन परत येण्याची सवय लावा. याला काही आठवडे जातात. कोणी शॉक देणारा पट्टा किंवा घशाची शस्त्रक्रिया सुचवली तर ऐकू नका, ते क्रूरतेच्या कलमांकडे जाणारे रस्ते आहेत. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर उत्तर देण्याआधी ते काढून घ्या.

विषाच्या धमकीचे काय? पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घ्या. प्राण्याला विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पण आधी एक विचार करा. रात्रभर जागून आलेला माणूस रोज झोपेतून दचकून उठतो, त्याच्या तोंडून असे वाक्य जाऊ शकते. त्याने ते पुन्हा उच्चारले, किंवा टफीच्या जवळपास काही खायला टाकलेले दिसले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

सेक्रेटरींना उत्तर मुदतीच्या आत द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. उत्तरात इतिवृत्ताची मागणी, बंदीला हरकत आणि भुंकणे कमी करण्यासाठी तुम्ही काय सुरू केले त्याचा तारखेसह तपशील, एवढेच असू द्या. खालच्या मजल्यावर मात्र कागद पाठवू नका, स्वतः जा. बेल वाजवण्याआधी त्यांची पाळी कोणती आहे ते वॉचमनला विचारून घ्या.