आजोबांना वाढवायची गोळी, मामाला अडवायची, आणि केमिकल मात्र एकच?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांना कंपवात आहे, मामाला स्किझोफ्रेनिया, आणि दोघांच्या गोळ्या आणायचं काम माझ्याकडंच. परवा पाकिटातली माहिती वाचत बसले तर आजोबांची गोळी डोपामिन, म्हणजे मेंदूच्या पेशींमधे निरोप नेणारं केमिकल, वाढवते आणि मामाची त्याच डोपामिनला अडवते! हे काय गौडबंगाल? आणि महिनाभरापासून मामाचापण हात थरथरतोय, चेहरा कोरा झालाय, आजी म्हणते ह्यालाबी कंपवात झाला, आजोबांचीच गोळी दे. देऊ का? शिवाय मला ह्याच विषयात पुढं शिकायचंय, ते कसं?

उत्तर : आधी शेवटून दुसरं. नाही, अजिबात द्यायची नाही. आजोबांच्या गोळीनं मामाचे भास परत उसळू शकतात. आणि घाबरून मामाची गोळी बंदपण करायची नाही, ह्याच आठवड्यात त्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडं जा आणि हे सगळं, चेहऱ्याचंसुद्धा, सांगा. ही थरथर बहुतेक त्या गोळीचाच परिणाम असेल, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. मग डोस कमी करणं, गोळी बदलणं, असे बरेच मार्ग असतात.

आता गौडबंगाल. बाळ, तू सोलापूरची आहेस म्हणजे तुला समजावणं सोपंय. उजनी भरलंय एवढ्यावरून तुझ्या गल्लीत आज नळाला पाणी येणार का ते कळतं का? धरण काठोकाठ आणि आपण हंडे घेऊन चौथ्या दिवसाची वाट बघतोय. डोपामिनचं तसंच, मेंदूत एकूण किती आहे ह्यापेक्षा कुठल्या पेठेत किती पोचतंय ते महत्त्वाचं. मेंदूच्या मधल्या भागात एक काळपट पट्टा असतो, तिथल्या पेशी हालचाल सांभाळणाऱ्या भागाला डोपामिन पुरवतात. आजोबांच्या ह्याच पेशी मरत चालल्यात, आणि वाईट म्हणजे लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. मामाचा गोंधळ शेजारच्या लाइनीवर, तिथं डोपामिन जास्त सुटतं आणि साध्या गोष्टीलाही भलताच अर्थ चिकटतो, की टीव्हीवाला माझ्याबद्दलच बोलतोय. सगळ्याच पेशंटांत असं सरळ गणित नसतं हेही खरं. पण गोळीला पेठा कळत नाहीत ना, ती रक्तातून सगळीकडं जाते, म्हणून मामाचे भास थांबवताना हालचालीच्या लाइनीचाही व्हॉल्व्ह थोडा आवळला जातो आणि हात थरथरतो.

हे कळलं कसं त्याची गोष्ट आपल्या सर्पगंधेतून जाते, आणि मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कलकत्त्यात सेन आणि बोस ह्या दोघांनी 1931 साली लिहिलं की ह्या मुळीनं ब्लडप्रेशर उतरतं आणि वेडाच्या पेशंटलाही शांत वाटतं. 1949 ला मुंबईच्या रुस्तम जाल वकील ह्यांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटांवरचा अभ्यास इंग्लंडच्या हार्ट जर्नलमध्ये छापला, तिथून जगाचं लक्ष गेलं. मग 1952 मध्ये स्वित्झर्लंडात तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. अर्विद कार्लसन ह्या स्वीडिश माणसानं हेच रिसर्पिन सशांना टोचलं तर ससे दगडासारखे पडून राहिले, कारण त्यानं मेंदूतला डोपामिनचा साठाच रिकामा होतो. मग एल-डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचलं आणि ससे उठून पळायला लागले! साल 1957. पुढं व्हिएन्नात होर्निकिविच ह्यांनी कंपवाताच्या मेलेल्या पेशंटांचे मेंदू तपासले, तिथं खरंच डोपामिन आटलेलं निघालं. आजोबांची गोळी म्हणजे तेच एल-डोपा. थेट डोपामिन का नाही देत म्हणशील तर ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही, एल-डोपा शिरतं आणि आत जाऊन त्याचं डोपामिन होतं. कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं.

जाता जाता, जेवणातल्या प्रोटीनमुळं ही गोळी नीट लागू पडत नाही, तेव्हा भाकरी आणि शेंगाचटणीच्या ताटावरच गोळी देत असाल तर डॉक्टरांना वेळ विचारून घे, बहुतेक जेवणाआधी अर्धा तास सांगतात. आणि उलटी थांबवायच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोक्लोप्रमाइड, डोपामिनलाच अडवतात, त्यामुळं मेडिकलमधून काहीही घेताना कंपवात आहे हे आधी सांगायचं.

शिक्षणाचं थोडक्यात. केमिस्ट्री सोडू नकोस, तीच लागणारे, पण जोडीला बायोकेमिस्ट्री धर. मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे, बंगळुरूला निम्हान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था आहे, तिथं तर दान केलेल्या मेंदूंची बँकच आहे, आणि मुंबईत टीआयएफआर ह्या विज्ञान संशोधन संस्थेत विदिता वैद्य सेरोटोनिनवर, म्हणजे मेंदूतल्या अशाच दुसऱ्या निरोप्या केमिकलवर, काम करतात, त्यांचं काही मिळालं तर वाच. सोलापुरातून बेंगळुरूला रात्रीची गाडी आहेच, तेव्हा लांबचं कारण सांगायचं नाही!

प्रश्न : मुलगा डिप्रेशनची गोळी घेतो. एका लॅबवाल्यानं रक्तातून सेरोटोनिन मोजायचं पॅकेज सांगितलंय. कमी निघालं तरच गोळी चालू ठेवायची असं आमचं ठरतंय.
— एक व्यापारी, नवी पेठ

उत्तर : काका, असं ठरवू नका. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि रक्तात ते प्लेटलेट्समध्ये बसलेलं असतं, तो आकडा बघून मेंदूत काय चाललंय ते कळत नाही. म्हणजे परत उजनीचीच पातळी मोजणं झालं. आणि डिप्रेशन म्हणजे फक्त सेरोटोनिन कमी, हे समीकरणही आता टिकत नाही, 2022 च्या एका मोठ्या आढाव्यात त्याला ठोस पुरावा सापडला नाही. म्हणून गोळी फुकट असा अर्थ मात्र काढू नका, क्रोसिननं डोकं थांबतं म्हणजे अंगात क्रोसिन कमी होतं असं थोडंच असतं! गोळी अचानक तोडली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असला ताप होऊ शकतो. बंद करायची की नाही आणि किती हळूहळू, ते मुलाला सोबत घेऊन डॉक्टरांनाच विचारा, आणि पॅकेजवाल्याला नको म्हणून सांगा.