हिरड्यांचे उपचार केल्याने दुसरा झटका टळतो का?

आपण विचारले आहे की, वडिलांना आठ महिन्यांपूर्वी मिरजेत स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला, आता ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते आणि सांगलीच्या दंतवैद्यांनी 'डीप क्लिनिंग', म्हणजे हिरडीखाली दातांच्या मुळापर्यंतची सफाई, सुचवले आहे. ते केल्याने दुसरा झटका टळेल का, आणि त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद ठेवाव्यात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथली चूक जिवावर बेतू शकते. हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात राहणारा, सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण आहे. दाढ काढायची वेळ आली तेव्हा एका दवाखान्यात मला "दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करा" असे सहज सांगण्यात आले. सुदैवाने मी हृदयतज्ज्ञांना फोन केला आणि त्यांची चांगलीच बोलणी खाल्ली. स्टेंट नवा असताना गोळ्या सुटल्या, तर त्यात गुठळी होऊन रक्तवाहिनी अचानक बंद पडू शकते. हिरडीतले रक्त मात्र हाताशी असते, ते दाबून थांबवता येते. पुढे माझी दाढ गोळ्या चालू असतानाच काढली. कापसाची घडी दाताखाली दाबून मी वीसेक मिनिटे बसलो, एवढेच. कृत्रिम झडप असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे: त्यांना अशा उपचारापूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासून घ्यावा लागतो. नुसत्या स्टेंटसाठी प्रतिजैविकाची गरज नसते.

आता मूळ प्रश्न. हिरड्यांचा आणि हृदयाचा संबंध ही ऐकीव गोष्ट नाही. १९८९ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा खराब असल्याचे दाखवले आणि तेव्हापासून हा विषय अभ्यासला जात आहे. पायोरियात, म्हणजे हिरड्यांच्या या आजारात, दात आणि हिरडी यांच्यामध्ये खाच पडते, तिथले जंतू चावताना किंवा ब्रश करतानाही रक्तात उतरतात, आणि शरीरात कायम धुमसत राहिलेली सूज रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देते. पण हिरड्या बिघडवणारी कारणे आणि हृदय बिघडवणारी कारणे बरीचशी एकच आहेत. माझी आई चाळीस वर्षे मशेरी लावत होती. सकाळी चुलीपुढे बसून तव्यावर तंबाखू भाजायची आणि "यानं दात घट्ट राहतात" म्हणायची. तिला मधुमेह होता, दात एकेक करून गेले आणि शेवटी हृदयाचाही आजार जडला. यात दोष हिरड्यांना किती द्यायचा आणि तंबाखूला व साखरेला किती, हे मला तरी सांगता येणार नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१२ मध्ये हेच मांडले: तंबाखूसारखी सामाईक कारणे वजा केली तरी संबंध उरतो, परंतु हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो असा पुरावा नाही. २००७ चा एक प्रयोग मात्र मला फार बोलका वाटतो. हिरड्यांचा तीव्र आजार असलेल्या १२० जणांपैकी ज्यांच्यावर सखोल उपचार झाले, त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता पहिल्या चोवीस तासांत उलट घटली. सहा महिन्यांनी मात्र ती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा चांगली होती. म्हणजे वाहिनी सुधारते, पण झटके कमी होतात का हे त्यातून कळत नाही. "दात साफ करा, हार्ट सेफ" असे सांगून कोणी महागडे पॅकेज गळ्यात मारत असेल, तर त्याला हे ऐकवावे.

तरीही उपचार करून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दात वाचतात, आणि वडिलांना मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, साधारण ०.४ ने उतरू शकतो. किटण काढल्यावर दात हलू लागतात, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाने झाकलेल्या फटी फक्त उघड्या पडतात.

उपचारापूर्वी खाचांची मोजणी झाली का, ते पाहावे. माझ्या वेळी डॉक्टर बारीक खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती फिरवत "तीन, दोन, पाच, सहा" असे आकडे सांगत होत्या आणि मदतनीस ते लिहून घेत होती. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच-सहा असल्यास मुळापर्यंतची सफाई खरोखर लागते. जाताना गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. त्यांत रक्तदाबाची अॅम्लोडिपिन असेल तर ती आवर्जून दाखवावी, कारण तिच्यामुळे काहींच्या हिरड्या फुगतात. तसे आढळल्यास गोळी बदलायची की नाही, ते हृदयतज्ज्ञ ठरवतील. सफाईनंतर दोन-तीन महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करून आकडे ताडून पाहावेत. आणि वडील तंबाखू मळत असतील, तर त्याबद्दल दोन्ही डॉक्टरांना खरे सांगावे. माझ्या आईने ते शेवटपर्यंत लपवले.