विमानाचं विचारू नका, रोस्टरचं विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या मुलाचं तुमच्या ताईसाठी स्थळ आलंय. वय २५, विमान कंपनीत कॅप्टन आहे म्हणतो. गणवेशातले फोटो आहेत, पण कंपनीचं नाव विचारलं की 'सिक्युरिटीमुळे सांगता येत नाही' असं उत्तर येतं. आणि गेल्या आठवड्यात सिम्युलेटरच्या परीक्षेसाठी त्याने ताईकडे दोन लाख उसने मागितले. हा खरंच पायलट आहे का, हे कसं ओळखायचं?

मी ऐरोलीत राहते आणि बरीच वर्षं क्रू शेड्युलिंगमध्ये काम करते. कोणता वैमानिक कधी कुठलं विमान घेऊन जाणार, त्याची विश्रांती पूर्ण झाली का, त्याचं मेडिकल कधी संपतंय, हे बघणं माझं रोजचं काम. म्हणून आधी पैशांचं सांगते: ते देऊ नका. नोकरीत असलेल्या वैमानिकाची दर सहा महिन्यांनी सिमवर, म्हणजे सिम्युलेटरच्या नकली कॉकपिटमध्ये, तपासणी होते, पण त्याचा स्लॉट कंपनी बुक करते आणि खर्चही तीच करते. वैमानिक अभ्यास करतो, धास्ती घेतो आणि गुरुग्रामला किंवा बंगळुरूला जाऊन तपासणी देऊन येतो. खिशातून लाखो रुपये जातात ते नोकरी लागण्याच्या आधी, टाइप रेटिंगला, म्हणजे एअरबस ३२० किंवा एटीआरसारख्या ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाला. आधीच कॅप्टन असलेल्या माणसाने सिमसाठी उसने मागावेत, हे कुठेच बसत नाही.

आता ओळखायचं कसं ते. इथे बरेच जण सांगतील की त्याला विमानाबद्दल अवघड प्रश्न विचारा. त्याचा उपयोग होणार नाही. टेक-ऑफचे वेग, रनवेचे नंबर, रेडिओवरची भाषा हे सगळं आज यूट्यूबवर आहे आणि ज्याला सोंग वठवायचंय तो ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ करून येतो. उलट चौदा तासांची ड्युटी करून आलेला खरा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, अशा प्रश्नांना वैतागून 'हो, उडवतो' एवढंच म्हणेल.

गणवेशाचंही तसंच. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली विमानतळावर २४ वर्षांचा एक तरुण परदेशी कंपनीच्या पायलटच्या वेशात पकडला गेला. गणवेश द्वारकेतून विकत घेतलेला, गळ्यातलं ओळखपत्र ऑनलाइन बनवलेलं. आपण पायलट आहोत असं त्याने घरच्यांनाही सांगून ठेवलं होतं. म्हणजे खांद्यावरचे चार पट्टे बाजारात मिळतात. फोटोवरून बांधता येणारा अंदाज एवढाच, की साधारणपणे चार पट्टे कॅप्टनचे आणि तीन फर्स्ट ऑफिसरचे.

मग विचारायचं काय? तारखा आणि दिनक्रम.

वयाचा हिशेब आधी करा. व्यावसायिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, २०० तासांचं उड्डाण लागतं. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे त्याच्या वरचा परवाना, हवा; त्याला १५०० तास. वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी भरतात. त्यात कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, देताना कंपन्या १५०० वर थांबत नाहीत, जास्तच अनुभव बघतात. २५ व्या वर्षी चार पट्टे अगदी अशक्य नाहीत, पण त्यासाठी बारावीनंतर एकही वर्ष वाया गेलेलं नसावं लागतं. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: आमच्याकडे को-पायलटलाही बोलताना सर्रास कॅप्टनच म्हणतात. त्यामुळे तो शब्द वापरला म्हणून कुणी खोटा ठरत नाही. 'कमांड कधी मिळाली?' असं विचारा. को-पायलट असेल तर तो लगेच सांगेल, 'अजून नाही, राइट सीटवर आहे.' त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

मग मागे जा. ट्रेनिंग कुठे झालं? बारामती, धुळे, गोंदिया, रायबरेलीजवळचं फुरसतगंज की परदेशात? पहिलं सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण, कधी? ती तारीख सहसा कुणी विसरत नाही आणि त्या दिवसाबद्दल विचारलं की माणूस खुलतो. सीपीएल हातात कधी आलं, कंपनीत कधी लागला, आधी कुठल्या विमानावर होता, हे गप्पांच्या ओघात विचारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच विचारा. पाठ केलेली माहिती टिकते. पण स्वतःच्या खोट्या आयुष्याची साल-महिन्यानिशी जुळणी करणं फार अवघड असतं.

रोजच्या जगण्याचंही तसंच. वैमानिकाचं अख्खं घर रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, चालतं. त्याच्या फोनमध्ये पुढच्या दिवसांचं रोस्टर असतं: अमुक तारखेला बॉम-डेल-बॉम (मुंबई-दिल्ली-मुंबई), तमुक तारखेला स्टँडबाय, मग दोन दिवस ऑफ. घरची सत्यनारायणाची पूजासुद्धा ते बघून ठरते. पहाटेच्या फ्लाइटला मध्यरात्रीनंतर गाडी येते आणि सोसायटीच्या वॉचमनला ती ओळखीची असते. ड्युटीच्या आधी ब्रीद अ‍ॅनालायझर असतो, आदल्या १२ तासांत दारू चालत नाही, म्हणून उद्या फ्लाइट आहे म्हणणारा आज रात्री मित्रांबरोबर बसलेला दिसला तर ती गंमत नाही. आणि डिसेंबर २०२५ कसा गेला हे जरूर विचारा. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती त्याआधीच ३६ तासांवरून ४८ वर गेली होती, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली होती, आणि डिसेंबरमध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा ड्युटीवर असलेल्या कुठल्याही वैमानिकाला यावर पंधरा मिनिटं बोलता येईल, तेही तावातावाने. 'हो, जरा बिझी होतं' एवढ्यावर विषय मिटला तर मला शंका येईल.

कॉकपिटमध्ये बसवून फिरवून आणायचं आश्वासन दिलं असेल तर तेही धोक्याचं समजा. २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात एका वैमानिकाने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये नेलं, तर त्याचा परवाना तीन महिने निलंबित झाला आणि कंपनीला ३० लाखांचा दंड बसला.

कंपनीचं नाव सुरक्षेमुळे सांगत नाही, हे मात्र साफ खोटं. ते नाव त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर छापलेलं असतं. पण विमानतळ प्रवेशपासाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला त्याने नकार दिला, तर तो संशय मानू नका. तो पास पसरवायचा नसतोच. कागद समोर बसून बघायचे. फेब्रुवारी २०२५ पासून डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, परवाना इलेक्ट्रॉनिक केला आहे, तो मोबाइलवर ईजीसीए अ‍ॅपमध्ये दिसतो. लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, आहे, वर्षाचं मेडिकल आहे. सगळ्यांत भक्कम कागद म्हणजे फॉर्म १६, कारण त्यात कंपनीचं नाव, पगार आणि कापलेला कर असतो. आपल्याकडे पत्रिका मागायला कुणी संकोचत नाही, मग फॉर्म १६ मागायला का संकोचावं? ताईच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या वडीलधाऱ्यांकडे उघडपणे मागावा आणि आपल्या मुलीचाही पुढे ठेवावा. कंपनीत परस्पर फोन करू नका. एचआर तिऱ्हाइताला काही सांगणार नाही आणि मुलगा खरा निघाला तर विनाकारण कटुता येईल.

एक शक्यता मात्र कृपा करून डोक्यात ठेवा, कारण अशी मुलं मी जवळून बघितली आहेत. सीपीएल खरं असतं, पण नोकरी नसते. घर गहाण ठेवून बापाने मुलाला शिकवलेलं असतं, भरती थांबलेली असते, मुलगा दोन-तीन वर्षं वाट बघत बसतो आणि नातेवाइकांनी विचारलं की आई 'पायलट आहे' म्हणते. हळूहळू तोही तसंच म्हणायला लागतो. टाइप रेटिंगचे पैसे जमत नसतील, तर त्याला 'सिमची परीक्षा' म्हणून उसने मागायची वेळ येऊ शकते. तो ठग नाही. पण लग्न ठरवताना त्याने खरं सांगितलंच पाहिजे, आणि विचारणाऱ्याने त्याला खरं सांगता येईल अशा रीतीने विचारलं पाहिजे. चारचौघांत नको, घरी बोलावून एकट्याला विचारा: 'नोकरी लागली आहे की अजून प्रयत्न चालू आहेत?'

दुसरी शक्यता वाईट आहे. २५ डिसेंबर २०२५ ला उलव्याचं, म्हणजे नवी मुंबईचं, विमानतळ सुरू झालं आणि नोकरीची आशा लावून बसलेली घरं आपल्याकडे खूप आहेत. उद्या हाच मुलगा तुम्हाला किंवा तुमच्या चुलतभावाला 'ग्राउंड स्टाफमध्ये लावतो, थोडे पैसे लागतील' म्हणाला, तर तिथेच थांबा. वैमानिकाच्या हातात भरती नसते आणि चांगली कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही.

ताईने आधीच काही ऑनलाइन पाठवलं असेल आणि फसवणूक वाटत असेल, तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि मेसेज, फोटो, व्यवहारांचे स्क्रीनशॉट जपून ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात जा. दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली गुन्हा आहे. अजून काही दिलं नसेल तर घाई नाही. दोन लाखांना नाही म्हणा, फॉर्म १६ मागा आणि तो काय उत्तर देतो ते इथे लिहा. रोस्टरचा स्क्रीनशॉट दाखवला तर त्यात काय काय लिहिलं होतं तेही कळवा, नावं आणि नंबर झाकून. ते खरं वाटतं की नाही, हे मी नक्की सांगेन.