युद्धावर सिम्फनी लिहिताना
पहिल्याच पानावर सगळी ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि ड्रम एकदम वापरू नकोस, पुढे चढायला जागा उरत नाही. रशियन संगीतकार शोस्ताकोविचची १९४१ची सातवी सिम्फनी स्कोअर (तिची लिखित स्वरलिपी) समोर ठेवून ऐक. पहिल्या भागात स्नेअर ड्रम (लष्करी ताशासारखा छोटा ड्रम) अगदी हळू आवाजात सुरू होतो. तीच साधी धून वाद्यं बदलत येत राहते, आवाज चढत जातो. भीती त्या न थांबण्यात आहे. गदारोळ ओसरल्यावर एकटा बासून (खोल आवाजाचं लाकडी फुंकवाद्य) शोक करतो. माझ्या मते खरं युद्ध तिथे ऐकू येतं. (दुसऱ्या महायुद्धात जर्मन वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये ९ ऑगस्ट १९४२ला अर्धपोटी वादकांनी ही सिम्फनी वाजवली!) इंग्रज संगीतकार होल्स्टचा पाच मात्रांचा ‘मार्स’ही (युद्धदेवतेवरचा तुकडा) ऐक, त्यावर कूच करताना पावलं जुळत नाहीत. तू आधी चार मिनिटांचाच तुकडा लिही, थोड्याच वाद्यांसाठी.