दोन काड्या आणि काटे-चमचे

प्रश्न : जपानमध्ये काटे, चमचे आणि सुऱ्या घरोघरी आहेत, तरीही तेथील लोक रोजचे जेवण दोन काड्यांनीच जेवतात. हा केवळ परंपरेचा अभिमान समजावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडा अभिमान असेलही, परंतु मुख्य कारण स्वयंपाकघरात सापडते. जपानी पद्धतीत चिरण्या-कापण्याचे काम पदार्थ पानात येण्यापूर्वीच उरकलेले असते, त्यामुळे जेवताना सुरीची गरजच उरत नाही. तेथील भात आखूड दाण्याचा आणि चिकट असल्यामुळे त्याचा घास काड्यांनी सहज उचलला जातो (आपल्या मोकळ्या भातावर हा प्रयोग करून पाहावा, म्हणजे फरक कळेल), आणि मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सूप तर वाडगा उचलून ओठांना लावूनच पितात.

मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर, पाश्चात्त्य खाणे जपानमध्ये रुजू लागले. त्या वेळी डुकराच्या मांसाचे कटलेट सुरी-काट्याने खाल्ले जाई. पुढे त्याचेच ‘तोंकात्सु’ झाले, स्वयंपाकीच त्याचे पट्टीसारखे तुकडे करून देऊ लागला आणि भात व मिसो सूपासोबत ते काड्यांनी खाल्ले जाऊ लागले. मला हे उदाहरण फार बोलके वाटते, कारण येथे परका पदार्थच काड्यांच्या सोयीने बदलला. उलट करी-राइस रश्शाचा, म्हणून तो आजही चमच्यानेच खातात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

शाळांची गोष्ट मात्र निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शालेय जेवणात पावावर भर होता आणि मुलांच्या हाती टोकाला दाते असलेला चमचा दिला जाई. त्यामुळे मुले ताटावर वाकून खातात आणि त्यांना काड्या नीट धरता येत नाहीत, अशी टीका होऊ लागली. 1976 मध्ये शालेय जेवणात भाताचा अधिकृत समावेश झाला आणि त्यासोबत काड्याही परतल्या.

तरीही सगळे श्रेय चिकट भाताला देता येत नाही. कोरियातला भातही तसाच चिकट असतो, पण तेथे वाडगा हातात उचलून जेवणे असभ्य मानले जाते. म्हणून भात आणि सूप चमच्याने खातात व धातूच्या काड्या इतर पदार्थांसाठी वापरतात.