सोन्याचे कण आणि खाडीचे पाणी

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत सोडियम सायट्रेट वापरून तयार केलेल्या सोन्याच्या नॅनोकणांच्या लाल द्रवाची विद्युतवाहकता ऊर्ध्वपातित पाण्याच्या कितीतरी पट भरली. तोच द्रव भाट्याच्या खाडीच्या पाण्यात मिसळला, तेव्हा मात्र खाडीच्या पाण्याची वाहकता उतरली आणि रंग निळसर झाला. सोने मिसळूनही असे का व्हावे? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : रंग बदललेला तुम्ही टिपलात, हे फार चांगले झाले, उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे.

पहिली वाढ सोन्यामुळे झालेली नाही. अशा द्रवात लिटरमागे फार तर ०.२ ग्रॅम सोने असते आणि सोन्याची घनता मिलिलिटरला १९.३ ग्रॅम असल्यामुळे त्याने व्यापलेली जागा ०.०१ मिलिलिटर, म्हणजे ०.००१ टक्का एवढीच भरते. विरळ विखुरलेले, उत्तम वाहक असे गोल कण आकारमानाने १ टक्का असले, तरी द्रवाची वाहकता फक्त ३ टक्क्यांनी वाढते, हे मॅक्सवेल यांच्या १८७३ च्या ग्रंथातील सूत्रावरून निघते. सोने समुद्राच्या पाण्याहून सुमारे ८० लाख पट चांगले वाहक असले, तरी प्रवाहाला दोन कणांमधले अंतर पाण्यातूनच कापावे लागते. तुमच्या मीटरने मोजले ते द्रवात विरघळलेले सोडियम, सायट्रेट आणि क्लोराइड यांचे आयन, म्हणजे प्रभारित अणू किंवा अणुगट.

शिवाय पाण्यात वीज वाहते ती आयनांमार्फत आणि धातूत इलेक्ट्रॉनांमार्फत, त्यामुळे कणाच्या पृष्ठभागावर रासायनिक अभिक्रिया झाल्याशिवाय प्रवाह आत शिरू शकत नाही. मीटरच्या एक सेंटिमीटर अंतरावरच्या पट्ट्यांमध्ये १ व्होल्ट असेल, तर २० नॅनोमीटरच्या कणाच्या दोन टोकांमध्ये जेमतेम २ मायक्रोव्होल्ट पडतात. एवढ्यावर अभिक्रिया होत नाही आणि मीटरच्या नेहमीच्या कंप्रतेला सोन्याचा कण चक्क विद्युतरोधकासारखा वागतो. खाडीच्या नमुन्यात दिसलेली घट मात्र मुख्यतः खारे पाणी पातळ झाल्याची आहे.

रंगाचे कारण वेगळे. सायट्रेटमुळे कणांवर ऋण प्रभार असतो आणि त्यांच्याभोवतीचे आयनांचे वलय त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. खाऱ्या पाण्यात हे वलय आखडून एका नॅनोमीटरहूनही कमी जाडीचे होते, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रव निळसर होतो. तुमच्या भाट्याच्या खाडीत येणाऱ्या काजळी नदीचा बारीक गाळ मुखाशी गोळा होऊन बसतो, त्यामागेही हे एक कारण आहे.

कण चिकटले तरी सोन्यातून वीज का वाहत नाही, असे तुम्ही विचाराल. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, कितीही दगड टाकले, तरी पावलापावलावर सलग ओळ जुळेपर्यंत पाय न भिजवता पलीकडे जाता येत नाही. तसेच हे आहे. यदृच्छया रचलेल्या गोल कणांची अशी सलग साखळी साधारण १६ टक्के आकारमानाच्या आसपास जुळू लागते. कार्बनच्या लांबट नॅनोनलिका नीट विखुरल्या, तर मात्र १ टक्क्याच्या आतही ती जुळते. वाहक शाई आणि वाहक प्लास्टिक यांत त्यांचा उपयोग होतो तो यामुळेच.

खात्री करण्यासाठी मूळ लाल द्रव अपकेंद्री यंत्रात फिरवून कण तळाशी बसवा आणि वरच्या नितळ द्रवाची वाहकता त्याच तापमानाला मोजा. ती जवळजवळ पूर्वीइतकीच भरेल.