मुलगा आता माझ्याकडे राहतो, तरी खावटीच्या (पोटगीच्या) वसुलीची नोटीस आली. काय करू?

भाऊ, तुमचं म्हणणं असं, की कोर्टाने मुलासाठी महिना 5000 रुपये ठरवले तेव्हा तो आईकडे होता. दिवाळीपासून तो तुमच्याकडे रावेरला आहे, म्हणून तुम्ही पैसे थांबवले, आणि आता नोटीस आली. आमच्या घरात हेच घडून गेलंय. माझा भाचा सहावीत असताना आमच्याकडे चोपड्याला राहायला आला. मी त्याची आत्या. त्याचा डबा मीच करायचे आणि भावासोबत तारखांनाही मीच जायचे.

पोरगा कुठे झोपतो, कुणाच्या हातचं जेवतो, हे कोर्टाला दिसत नाही. त्याच्यापुढे जुना आदेश असतो आणि तो बदलेपर्यंत दर महिन्याची रक्कम चढत जाते. आमच्याकडे चार नातेवाइकांसमोर ठरलं होतं, की पोरगा तुमच्याकडे, आता पैसे नकोत. कागद कुणी केला नाही. वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज आला.

म्हणून नोटिशीवरच्या तारखेला हजर राहाच. थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. जमेल तेवढी रक्कम भरा आणि बाकीचे हप्ते मागा. सोबत, ज्या कोर्टाने आदेश दिला तिथेच फेरबदलाचा अर्ज टाका. आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 127 म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 146. परिस्थिती बदलल्याचं सिद्ध झालं तर रक्कम बदलता येते. तुमची रक्कम घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 लागेल. अर्जाला उशीर करू नका. अर्जाच्या आधीची थकबाकी आपोआप माफ होत नाही.

आदेशाची नक्कल काढून शेवटचं पान नीट वाचा. बायकोची आणि मुलाची रक्कम वेगळी लिहिलेली असेल, तर मुलगा तुमच्याकडे आल्याने बदल मागता येतो तो मुलाच्या रकमेत. तिची खावटी चालूच राहते, तीही थांबवली असेल तर आधी सुरू करा. आणि मुलाचा ताबा आईकडे देणारा आदेश असेल, तर तोही बदलून घ्यावा लागेल.

आता पुरावा. शाळेचा दाखला, बोनाफाईड, फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद हे तर हवेतच. पण आमच्या कामी आली ती माझी शंभर पानी वही. भाचा आईकडे गेला की त्या दिवसाची तारीख मी लिहायचे, परत आला की पुन्हा लिहायचे. वकिलांनी विचारलं, वर्षात आईकडे किती दिवस? मी वही पुढे केली, 41 दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीतले, पोळ्याचे, तिच्या माहेरच्या लग्नातले, सगळे. तिचे दिवस लपवले नव्हते, म्हणून तिनेही ती वही खोटी म्हटली नाही. दोन तारखांनंतर दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, दाखल झाली. तुमच्या मुलाची आई तयार असेल तर हा सगळ्यात लवकरचा मार्ग आहे. नसेल तर तिच्या अंगावर जाऊ नका. दिवाळीपासून तिनेही दप्तर, औषधं, कपडे घेतलेच असतील.

उत्पन्नाचं शपथपत्र खरं भरा. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालापासून (रजनेश विरुद्ध नेहा) दोन्ही बाजूंना मिळकत, कर्ज, खर्च उघड करावा लागतो. तुमची केळीची शेती असेल तर तिचा पैसा एकदम येतो, तेव्हा एका कापणीची पट्टी (विक्रीची पावती) दाखवून भागत नाही. सातबारा, बँकेचं पासबुक, सोसायटीचं कर्ज हे सोबत न्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. मुलाच्या आईला तर तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, हे तिलाही सांगा.

एक कळकळीने सांगते. पोराला "कोर्टात असं बोल" म्हणून शिकवू नका. आमचा भाचा एका रात्री ताटावरून उठून म्हणाला, "आत्या, मी आठेच ऱ्हासू, पन मायना विरुद्ध बोलाव नही." (मी इथेच राहतो, पण आईविरुद्ध बोलणार नाही.) त्यानंतर आम्ही घरात त्याच्यासमोर केसचं नावही काढलं नाही.

नोटिशीवर कोणतं कलम आणि कोणती तारीख आहे ते खाली लिहा. तारखेआधी नक्कल मिळाली तर शेवटच्या पानावर काय आहे तेही सांगा.